हॅड्रियनच्या भिंतीकाठची १३५ किलोमीटरची वाट: आठ दिवसांत कशी चालावी

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्याला उत्तर इंग्लंडमधली ही वाट कागदावर अगदीच किरकोळ वाटते, आणि तो फसतो तो तिथेच. सगळ्यात उंच जागा विन्शील्ड्सचा कडा, समुद्रसपाटीपासून ३४५ मीटर. आपलं पुणं शहरसुद्धा याच्याहून उंचावर आहे. मग अवघड काय? अवघड असते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. आपल्याकडे शनिवारी रात्री निघायचं, रविवारी गड उतरायचा, सोमवारी ऑफिसात लंगडायचं. इथे सोमवारी परत बूट घालायचे असतात, मंगळवारी परत, बुधवारी परत.

मी ही वाट जून महिन्यात मामाबरोबर चालले. मामा बासष्ट वर्षांचा, तीन वेळा आळंदी ते पंढरपूर पायी गेलेला. मी वीस-बावीस किल्ले केलेली, म्हणून मनातून थोडी फुशारलेली. दुसऱ्या संध्याकाळी फोड मला आले होते, त्याला नाही. खाली लिहिलंय त्यातलं निम्मं शहाणपण त्याचं आहे.

आधी थोडक्यात ओळख. रोमन सम्राट हॅड्रियनने इ. स. १२२ मध्ये आपल्या ब्रिटन प्रांताच्या उत्तर सीमेवर ही भिंत बांधायला घेतली. बांधकाम तीन लीजनांच्या (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्यांच्या) सैनिकांनी केलं. भिंत सुमारे ११७ किलोमीटर, दर रोमन मैलाला एक चौकी, दोन चौक्यांमध्ये दोन बुरूज, आणि जोडीला मोठे किल्ले. तिच्या काठाने जाणारी आजची राष्ट्रीय पायवाट २००३ मध्ये खुली झाली. न्यूकॅसलच्या पूर्वेला असलेल्या वॉल्सेंडपासून सॉल्वेच्या खाडीवरच्या बोनेस गावापर्यंत ती १३५ किलोमीटर भरते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे निराशा होणार नाही. सगळीकडे भिंत दिसत नाही. पूर्वेला ती शहराखाली आणि रस्त्याखाली गाडली गेली, पश्चिमेला तिचे दगड लोकांनी घरांना, चर्चना, गोठ्यांना नेले. खरी भिंत दिसते ती मधल्या टप्प्यात. म्हणून आखणी करताना वेळ मधे जास्त ठेवा, टोकांना कमी.

महिना आणि दिशा

मे, जून आणि सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे चुकलात तरी घाबरायचं कारण नाही. हिवाळ्यात दिवस छोटा असतोच, शिवाय ओल्या मातीवर पावलं पडली की खाली दडलेले रोमन अवशेष खराब होतात. म्हणूनच वाटेवर शिक्के गोळा करायचा जो पासपोर्ट मिळतो, तो फक्त १ मे ते ३१ ऑक्टोबर चालतो. सात ठिकाणी शिक्के मारायचे. पोरखेळ वाटेल, पण चौथ्या दिवसापासून मामा शिक्क्याची पेटी दिसली की पाय उचलायला लागला होता.

दिशेवरून वाद आहेत. वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, म्हणून पश्चिमेकडून पूर्वेला चाला, म्हणजे तो पाठीवर राहील, असं पुष्कळ जण सांगतात. बरोबरच आहे ते. तरी मी पूर्वेकडून पश्चिमेला जायला सांगेन. शहर पहिल्याच दिवशी मागे पडतं आणि शेवट खाडीवरच्या शांत गावात होतो. उलट गेलात तर आठ दिवसांच्या शेवटी हातात येतो शहरातला डांबरी रस्ता. त्यापेक्षा तोंडावर वारा परवडला.

मुक्काम आधी, बाकी सगळं नंतर

तंबू टाकून कुठेही झोपता येईल हा विचार सोडून द्या. या भागात जमीनमालकाच्या परवानगीशिवाय मुक्काम करणं बेकायदेशीर आहे. आपल्यासारखं गावातल्या देवळात पथारी पसरणं तर नाहीच. कॅम्पसाइट, हॉस्टेल, बंकहाउस, आणि घरातली खोली व सकाळचा नाश्ता देणारी बी अँड बी, एवढेच पर्याय. मधल्या टप्प्यात खोल्या मोजक्या आहेत. जूनसाठी जानेवारीत ठरवायला लागा. आपल्या दिवसांची लांबी आपले पाय ठरवत नाहीत, रिकामी खाट ठरवते. आधी मधल्या तीन रात्री पक्क्या करा, मग दोन्ही बाजूंना वाढत जा. एकट्याने गेलात तर बी अँड बी महाग पडते, कारण खोलीचा दर बहुधा दोघांचा असतो.

भारतातून जाणाऱ्यांसाठी इथे एक गाठ आहे. पर्यटक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो, आणि खोल्या तर त्याआधी घ्याव्या लागतात. म्हणून खोली घेताना रद्द केल्यास पैसे कधीपर्यंत परत मिळतात ते लेखी विचारून ठेवा. मी एका ठिकाणी विचारलं नाही, आणि तारीख एका दिवसाने सरकली तेव्हा ती रात्र फुकट गेली.

सामान पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या गाड्या या वाटेवर आहेत. सकाळी नऊच्या आत बॅग दाराशी ठेवायची, संध्याकाळी ती पुढच्या खोलीत भेटते. वारीत सामान ट्रकमधून जातं तसंच हे. मला सुरुवातीला कमीपणा वाटला होता. तिसऱ्या दिवशी पाठीवर फक्त पाणी, रेनकोट आणि डबा घेऊन चढताना अजिबात वाटला नाही.

पाय आणि पोतडी

विंडोलांडा या रोमन किल्ल्याच्या ओल्या मातीत लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली आहेत, भिंत बांधली जाण्याच्याही आधीची. त्यातल्या एकात कुणीतरी कुणाला तरी पाठवलेल्या वस्तूंची यादी आहे: मोजे, सँडलचे दोन जोड आणि दोन चड्ड्या. एकोणीसशे वर्षांत यादी फारशी बदललेली नाही.

बूट नवे नकोत. निघण्याआधी त्याच बुटांत किमान शंभर किलोमीटर चाललेलं असावं, आणि त्यातले काही ओल्यात. इथलं गवत पाऊस नसतानाही दवाने भिजलेलं असतं, म्हणून पाणी आत न येणारे, घोटा धरणारे बूट घ्या. मोजे लोकरीचे किंवा लोकरमिश्रित, सुती अजिबात नकोत. मामा रोज सकाळी बोटांच्या मधे आणि टाचेला व्हॅसलीन चोळायचा, दुपारी जेवायला बसला की बूट-मोजे काढून पाय उघडे ठेवायचा, आणि मोजे उलटे करून पुन्हा घालायचा. मला ते म्हातारपणाचे चाळे वाटले होते. टाचेला कुठे गरम लागायला लागलं तर त्याच क्षणी थांबा आणि पट्टी लावा. ‘पुढच्या गेटपर्यंत जाऊ’ म्हणालात की फोड आलाच.

बाकी सामानात रेनकोट आणि रेनपँट दोन्ही (छत्री कड्यावरच्या वाऱ्यात उलटी होते, मी आणलेली पहिल्याच तासात मोडली), एक उबदार थर, टोपी, दोन काठ्या आणि गोचीड काढायचा छोटा चिमटा. उंच गवतातून गेलात की रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत बघा. चावलेल्या जागी पुढे लाल वर्तुळ पसरलं तर डॉक्टरला दाखवायचं, कारण लाइम नावाचा आजार गोचिडीतून होतो.

पहिले दोन दिवस: भिंत शोधत

न्यूकॅसलपर्यंत लंडनहून ट्रेनने साधारण तीन तास. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. तिथून मेट्रोने वॉल्सेंड. या स्टेशनवर पाट्या इंग्रजीबरोबर लॅटिनमध्येही आहेत. बाहेर पडलं की सेगेडुनम किल्ल्याचा पाया आणि संग्रहालय. पहिला शिक्का इथेच.

पहिला दिवस हेडनपर्यंत, सुमारे २४ किलोमीटर, जवळजवळ सगळा टाइन नदीच्या काठाने आणि बराचसा डांबरावरून. सपाट आहे म्हणून जोरात चालावंसं वाटतं. तेच टाळा. पायाची वाट लागते ती डांबरावर, चढावर नाही. हेडनला पोचताना एक खरा चढ आहे, आणि वर गेल्यावर भिंतीचा पहिला मोठा तुकडा दिसतो, सुमारे तीन मीटर रुंद.

दुसरा दिवस चोलरफर्डपर्यंत, पुन्हा सुमारे २४ किलोमीटर, आणि खरं सांगायचं तर जरा कंटाळवाणा. शेजारून सतत गाड्यांचा रस्ता जातो. पदच्युत स्टुअर्ट घराण्यासाठी झालेल्या १७४५ च्या बंडात सरकारी फौजेला न्यूकॅसलहून कार्लाइलला वेळेत पोचता आलं नाही, म्हणून नंतर हा लष्करी रस्ता बांधला, आणि भिंत पाडून तिचेच दगड त्याच्या पोटात घातले. संध्याकाळच्या सुमारास प्लेनट्रीजला भिंतीचा एक छोटा तुकडा लागतो. १८०१ मध्ये विल्यम हटन हा ७८ वर्षांचा गृहस्थ बर्मिंगहॅमहून पायी इथे आला, तेव्हा जमीनमालक शेतघरासाठी भिंत पाडत होता. हटनने गयावया केली आणि उरलेला तुकडा वाचला. हे ऐकल्यापासून मामाने स्वतःच्या वयाचा उल्लेख बंद केला.

तिसरा, चौथा, पाचवा: इथे घाई करू नका

बरेच जण चोलरफर्डहून वन्स ब्रूड या वस्तीपर्यंतचे वीस किलोमीटर एका दिवसात मारतात. ही चूक आहे. वाटेत चेस्टर्सचा किल्ला आहे, त्याची नदीकाठची न्हाणीघरं आहेत. पुढे लाइमस्टोन कॉर्नर. नावात चुनखडी असली तरी इथला दगड चुनखडी नाही, तो काळा कठीण डोलेराइट आहे. रोमन सैनिकांनी खंदकासाठी तो फोडायला घेतला आणि मधेच नाद सोडला. पाचरी ठोकायला केलेल्या खाचा अजून दिसतात. त्यानंतर कॅरोबर्गला मिथ्रास देवाचं छोटं देऊळ. मिथ्रास हे नाव आपल्या वेदांतल्या ‘मित्र’ नावाचंच भावंड. मामाने तिथे सवयीने बूट काढले.

त्यामुळे माझा सल्ला असा. तिसऱ्या दिवशी हाउसस्टेड्सपर्यंतच चाला, सुमारे १५ किलोमीटर. किल्ला बघा, सैनिकांचे ओळीने बांधलेले संडास आणि त्याखालची गटारं तर बघाच. मग एडी १२२ क्रमांकाची बस पकडून वन्स ब्रूडला मुक्कामी जा. भिंत बांधायला घेतली त्या सालावरून (एडी म्हणजे इ. स.) क्रमांक पडलेली ही बस हेक्सम ते हॉल्टव्हिसल धावते आणि मधली सगळी ठिकाणं जोडते. पण फेऱ्या मोजक्या आणि ऋतूनुसार बदलणाऱ्या. वेळापत्रकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण थांब्यावर रेंज असेलच असं नाही.

चौथ्या दिवशी सकाळच्या बसने परत हाउसस्टेड्सला या आणि स्टील रिगपर्यंतचे पाच किलोमीटर निवांत चाला. अख्ख्या वाटेवरचा हा सर्वांत देखणा तुकडा. भिंत कड्याच्या धारेवरून वर जाते, खिंडीत उतरते, पुन्हा वर. डावीकडे मोकळी कुरणं, उजवीकडे सरळ तुटलेला कडा आणि खाली तळं. हा कडा पृथ्वीच्या पोटात थिजलेल्या लाव्ह्याचा, सुमारे साडेएकोणतीस कोटी वर्षांपूर्वीचा. सह्याद्रीचा कातळही लाव्ह्याचाच, फक्त जमिनीवर पसरून थिजलेला आणि वयाने कितीतरी लहान. म्हणून हा दगड बघताना ओळखीचा वाटतो, आणि ओला झाला की आपल्या कातळाइतकाच घसरतो. स्टील रिगच्या अलीकडच्या दगडी पायऱ्या उतरताना काठ्या आखडून ठेवा, हात मोकळे ठेवा.

याच तुकड्यात सिकॅमोर गॅप. खिंडीत एकटं उभं असलेलं ते झाड सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्री कुणीतरी करवतीने कापलं. आता खोड आहे, आणि २०२४ पासून त्याला फुटलेले धुमारे. दुपारी विंडोलांडाला जा, तिथे तीन तास सहज जातात. उन्हाळ्यात उत्खनन चालू असतं आणि दोरीपलीकडून ते बघता येतं.

तिकिटांचं एक: चेस्टर्स, हाउसस्टेड्स, बर्डोसवाल्ड आणि कार्लाइलचा किल्ला इंग्लिश हेरिटेज या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहेत. परदेशी पाहुण्यांसाठी त्यांचा ९ किंवा १६ दिवसांचा पास मिळतो, तो सुटी तिकिटं काढण्यापेक्षा परवडतो का ते मोजून बघा. विंडोलांडाचं तिकीट वेगळं.

पाचवा दिवस गिल्सलंडपर्यंत, सुमारे १३ किलोमीटर. विन्शील्ड्स, मग वॉलटाउनचे कडे. अंतर कमी, पण चढउतार सारखे. गुडघे दुखतात ते आज.

भिंतीवर चढू नका

आपल्याकडे तटावरून फेरी मारल्याशिवाय गड बघितल्यासारखं वाटत नाही. इथे भिंतीवर पाय ठेवायचा नाही. दगडांमधला चुना कमकुवत आहे आणि एक दगड निसटला की शेजारचे सुटतात. फक्त हाउसस्टेड्सजवळच्या झाडीत एका छोट्या तुकड्यावर वाटच भिंतीवरून जाते, तेवढी मुभा. आणखी एक उलटी सवय लावायची: गवतावरून एकामागोमाग ओळीने चालू नका, शेजारी-शेजारी चाला. ओळीने चाललं की गवत मरतं, चर पडतो आणि पावसाचं पाणी अवशेषांपर्यंत जातं.

वाट शोधायला ओकच्या फळाचं (एकॉर्नचं) पांढरं चिन्ह बघा. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवून पुढे जा. वाट शेतकऱ्यांच्या कुरणातून जाते. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका, लांबून वळसा घ्या. ‘गाईला काय घाबरायचं’ म्हणून मामा पुढे गेला आणि पंधरा-वीस जणींचा कळप त्याच्या दिशेने निघाल्यावर कुंपणाकडे वळला. पळाला नाही, आणि तेच योग्य.

खाण्याचं

पबमधलं स्वयंपाकघर रात्री आठ-नऊला बंद होतं. मुक्काम ठरवतानाच विचारा की तिथे जेवण मिळेल का, नाहीतर किती चालावं लागेल. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण सूप, चीज सँडविच, सालीसकट भाजलेला बटाटा आणि बीन्स हे चक्र फिरत राहतं. आम्ही शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि चिवडा नेला होता. बटाट्यावर शेंगदाण्याची चटणी घालून बघा. पेढे, बर्फी असं दुधाचं काही भारतातून नेऊ नका, तिथे आणायला मनाई आहे. मधल्या टप्प्यात दुकान जवळजवळ नाही, दोन दिवसांचा सुका खाऊ जवळ हवा. वाटेत कुठेकुठे शेतकऱ्यांनी टपरीत बिस्किटं, पाणी आणि पैसे टाकायला डबा ठेवलेला असतो. माणूस नसतो. सुटी नाणी खिशात असू द्या.

संकटात ९९९ किंवा ११२ ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. तिथलं सिमकार्ड घेतल्यावर ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ ला मेसेज पाठवून ठेवा. म्हणजे आवाज पोचण्याइतकी रेंज नसताना मेसेजने मदत मागता येते. शिट्टी असेल तर मिनिटात सहा वेळा फुंका, एक मिनिट थांबा, पुन्हा फुंका.

सहावा ते आठवा: भिंत विरघळते

गिल्सलंडहून निघाल्यावर विलोफर्डला रोमन पुलाचा पाया शेतात कोरडा उभा दिसतो, कारण इर्थिंग नदीच तिथून सरकली. पलीकडे बर्डोसवाल्डजवळ भिंतीचा सलग लांब तुकडा आहे, तो डोळे भरून बघून घ्या. इथून पश्चिमेला मुळात भिंत दगडाची नव्हतीच, मातीच्या ढेकळांची होती, दगड नंतर आला. सहाव्या दिवशी वॉल्टनपर्यंत, सुमारे १४ किलोमीटर. वाट वाकडी करून लॅनरकॉस्टचा मठ बघता येतो, भिंतीचेच दगड आहेत त्यात. सातव्या दिवशी कार्लाइल, सुमारे १८. शहर आहे, रेल्वे आहे, औषधाचं दुकान आहे आणि भारतीय जेवणही आहे. पाय वाईट झाले असतील तर इथे एक दिवस थांबा.

आठवा दिवस बोनेसपर्यंत, सुमारे २४ किलोमीटर, सपाट. पण याच दिवशी एक गोष्ट आदल्या रात्री बघावीच लागते: भरतीची वेळ. डाइक्सफील्ड ते ड्रमबर्ग हा चार-साडेचार किलोमीटरचा रस्ता खारफुटीसारख्या दलदलीच्या कडेने जातो आणि मोठ्या भरतीला पाण्याखाली जातो. सिलॉथ बंदराची भरती-ओहोटी बघा, मोठी भरती असेल तर पाणी उतरेपर्यंत अलीकडच्या बर्ग गावात बसा. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको.

बोनेसला खाडीच्या काठावर एक छोटा लाकडी निवारा आहे, तिथे वाट संपते. पलीकडे स्कॉटलंड दिसतं. शेवटचा शिक्का मारा, पण त्याआधी कार्लाइलला परतणारी बस कधी आहे ते बघा. फेऱ्या थोड्या असतात, आणि रविवारी पोचणार असाल तर बस आहे की नाही हे आधीच बघून टॅक्सी सांगून ठेवलेली बरी. आम्हाला दीड तास होता. मामाने बूट काढले, मोजे उलटे केले आणि निवाऱ्याच्या बाकावर वाळत घातले.